गाव किती उंचावर?

मी पदवीधर झालो तो हवालदारांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बारावी होऊन मी चाकणला कंपनीत लागलो, तेव्हा माझंही शिक्षण संपल्यातच जमा होतं. ते पुन्हा सुरू केलं कंपनीच्या गेटवर उभ्या असणाऱ्या या निवृत्त लष्करी माणसानं. त्यांचं खरं नाव छातीवरच्या ओळखपत्रावर होतं, पण ते कोणी वाचत नसे. मॅनेजरपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना हवालदारच म्हणत. सकाळी त्यांच्याकडे पळायला जाणारे आम्ही तेवढे काका म्हणायचो.

नव्या माणसाला ते आधी नाव विचारत नसत. पहिला प्रश्न असे, "गाव कोणतं?" आणि लगेच दुसरा, "किती उंचावर हाय?" मी बीड जिल्ह्यातल्या माझ्या गावाचं नाव सांगितलं. उंची मला ठाऊक नव्हती. कोणाला आपल्या गावाची उंची ठाऊक असते? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हातातल्या शिट्टीनं दिशा दाखवली. "सपाटी. त्या रांगेत जा."

पहाटे साडेपाचला, एमआयडीसीतल्या एका रुंद, मोकळ्या रस्त्यावर ते भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना पळवत. त्यांच्या दोन रांगा असत. मावळ, जुन्नर, भोर अशा डोंगराच्या कुशीतून आलेल्यांची एक आणि उरलेल्या महाराष्ट्राची दुसरी. सपाटीच्या रांगेनं फक्त सोळाशे मीटरचा सराव करायचा. रविवारी बारा किलोमीटर पळत टेकडीच्या माथ्यावर जायचा मान डोंगरच्या रांगेचा. आम्ही खाली थांबून त्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या राखायचो. कोणी कुरकुर केली की काका म्हणत, "लांब पल्ला रक्तात असावा लागतो, बाबांनो. सपाटीच्या माणसानं उगं छाती फोडून घेऊ न्हाई."

हा सिद्धांत त्यांनी कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता. तो त्यांना लडाखमध्ये मिळाला होता. पंचविशीत असताना त्यांची तुकडी एका उंच चौकीवर निघाली होती. काका पलटणीतले पहिल्या नंबरचे धावपटू. दुसऱ्याच दिवशी त्यांचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या सुरू झाल्या, दहा पावलांवर दम लागू लागला. तेव्हा सामान वाहणारा नोरबू नावाचा पन्नाशीचा एक स्थानिक माणूस मागून आला. त्यानं काकांचं ओझं स्वतःच्या ओझ्यावर चढवलं आणि तो चालू लागला. "बरं, गप चालंल का? न्हाई! त्याच्या याकांची नावं सांगतोय, बायकूची तक्रार सांगतोय. आन् म्या पलटणीतला पयला, हिकडं रांगतोय." इथं ते नेहमी थांबत, मान हलवत. "तवा कळलं. माणूस पायानं पळत न्हाई. रक्तानं पळतो."

पुढे बरीच वर्षं वर काढल्यामुळे आपलंही रक्त घट्ट झालंय, असं त्यांचं ठाम मत होतं. साठीतही ते डोंगरच्या रांगेच्या पुढे पळत, आणि कोणी कौतुक केलं की दंडावर थाप मारून म्हणत, "वरचं रक्त हाय, घट्ट. अजून उतरलं न्हाई."

भरतीत मी दोनदा नापास झालो, दोन्ही वेळा सोळाशे मीटरला, दोन्ही वेळा थोडक्यात. दुसऱ्यांदा परत आलो तेव्हा ते गेटवरच्या खोलीत चहा पीत होते. अर्धा चहा बशीत ओतून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "बालाजी, ऐक. पळणं तुझं न्हाई. तुला दम कमी, पण प्रश्न लई. प्रश्नवाल्यानं कालेजात जावं."

त्या वाक्यानं मी रडलो होतो, हे त्यांना माहीत नाही. पण ते नुसतं बोलून थांबले नाहीत. शिफ्ट इन्चार्जकडे चार वेळा जाऊन त्यांनी मला कायमची दुसरी शिफ्ट मिळवून दिली, म्हणजे सकाळचं कॉलेज जमेल. मी विज्ञान शाखा घेतली. आणि गेटवर एक नवीनच तपासणी सुरू झाली. डबा उघडून दाखवायचा, ओळखपत्र दाखवायचं, मग काका आडवा हात धरून विचारायचे, "आज काय शिकलास? एक गोष्ट सांग, मग आत."

मागे दुसऱ्या शिफ्टची रांग खोळंबायची. कोणीतरी ओरडायचं, "हवालदार, सोडा की राव त्याला! पंचिंगला उशीर होतोय!"

"हुईल पंचिंग. बेडकाला दात असत्यात का न्हाई, सांग रं कुनी? न्हाई ना येत? मग गप ऐका."

तीन वर्षं रोज एक गोष्ट. कितीही दमलो असलो तरी बसमध्ये पुस्तक उघडायचो, कारण गेटवर काहीतरी सांगायचं असायचं. सांगता यावं म्हणून समजून घ्यायचो. परीक्षेत मला जे काही आलं, ते त्या गेटवर पाठ झालेलं होतं.

एक दिवस मात्र मी त्यांना फसवलं. शेवटच्या वर्षाला आमच्या मॅडमनी उंचावर राहणाऱ्या लोकांच्या शरीराबद्दल शिकवलं. काकांचा सगळा सिद्धांत फळ्यावर उलटा होत होता. गेटवर आलो, आडवा हात आला, "आज काय?" मी म्हणालो, "काका, गांडुळाला हृदयाच्या पाच जोड्या असतात." ते खूश झाले. "पाच! आन् आमाला एकच दिलं, ते बी सरकारला वाहिलं." सगळी रांग हसली. मीही हसलो आणि आत गेलो. ज्या माणसानं मला रोज खरं सांगायला उभं केलं, त्याच्यापासून मी सगळ्यात मोठी गोष्ट लपवली. त्याचा विरस होऊ नये म्हणून, असं तेव्हा स्वतःला समजावलं. आता वाटतं, त्याच्यापुढे खरं बोलायला मी घाबरलो.

आता मी पिंपरीत एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गात काळेवाडीची प्रणाली आहे. वडील कंपनीत फिटर. तिला लांब पल्ल्याची धावपटू व्हायचंय, आणि ती रोज पहिली बस धरून काकांकडे जाते. या सोमवारी ती वर्गाबाहेर थांबली.

"सर, तुमचे काका मला रविवारी वर नेत नाहीत. मूळ गाव विचारलं. म्हटलं परभणी, पण मी ते पाहिलेलंसुद्धा नाही. तर म्हणाले, मग सपाटीच. मी म्हटलं, काका, चौथ्या मजल्यावर जन्मलेय, तेवढी तरी उंची धरा ना!"

"मग?"

"हसले. पण रांग नाही बदलली." तिनं दप्तराचा पट्टा ओढला. "पप्पा म्हणतात, जाऊच नको. आधी मूळ गाव, मग आडनाव, हे कशासाठी विचारतात ते आपल्याला पिढ्यान्पिढ्या माहितीये. मी सांगितलं, काका तसे नाहीत. पण सर, खाली चपला राखत बसले ना, की मला पप्पांचंच खरं वाटायला लागतं. या रविवारनंतर मी जाणार नाही."

काका तसे नाहीतच. त्या प्रश्नाला दुसरीही एक बाजू आहे, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. पण ज्याला तो विचारला जातो, त्याला ती कळायला स्वप्न पडावं लागत नाही. मी त्याच संध्याकाळी चाकणला गेलो. काकांनी पोहे केले, नोरबूची गोष्ट पुन्हा सांगितली. मी पोहे खाऊन परत आलो. समोर बसून जमत नाही, हे कळल्यावर पत्र लिहिलं आणि गुरुवारी ते कुरियरनं पाठवलं. ते असं :

ती. काकांना शि. सा. नमस्कार.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. ती मला कॉलेजच्या शेवटच्या वर्षीच कळली होती. मी गांडुळाचं सांगून सटकलो, त्याची माफी मागतो.

वर गेल्यावर तुमचं रक्त घट्ट झालं होतं, हे खरं. पण खाली आल्यावर काही आठवड्यांतच ते पूर्वीसारखं झालं. आज साठीत तुम्ही आम्हाला मागे टाकता, ते रोज पहाटे उठता म्हणून. त्याचं श्रेय लडाखला देऊ नका. नोरबूचं रक्त तर तिथं वरही तुमच्या तेव्हाच्या रक्ताहून पातळ असणार. त्याच्या लोकांची हजारो वर्षं तिथं गेली. ज्यांना ती हवा सोसली, त्यांची लेकरं जगली, आणि होता होता कमी हवेत रक्त घट्ट न होऊ देता जगण्याची ताकद त्यांच्यात उतरली. ती जगण्याची ताकद आहे, काका. शर्यतीची हमी नाही. खाली चाकणच्या रस्त्यावर नोरबू तुमच्यापुढे गेला असता की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही.

आणि आपले डोंगर त्या मानानं उंचच नाहीत. मी शोधून पाहिलं. माझं गाव आणि तुमच्या डोंगरच्या रांगेतलं मावळ यांत, रावेतमधले राहत्या घरांचे दोन टॉवर एकावर एक ठेवले तर जेवढी उंची होईल, तेवढाच फरक आहे. तेवढ्यानं रक्त बदलत नाही. मावळची पोरं चांगली पळतात, कारण ती लहानपणापासून रोज शाळेला चालत गेली, आणि कारण तुम्ही त्यांना दर रविवारी वर नेता. आम्हाला नेलं नाही.

माझी तक्रार नाही. तुम्ही मला नको म्हणालात आणि त्या चुकीतून माझं भलं झालं. पण मला नकार दिल्यावर तुम्ही माझ्यासाठी चार वेळा शिफ्ट इन्चार्जकडे गेलात. नकार मिळालेल्या प्रत्येकासाठी असं कोणी जात नाही.

प्रणाली या रविवारनंतर येणं बंद करणार आहे. तुम्ही मूळ गाव विचारता, तेव्हा तिच्या घरात वेगळंच ऐकू येतं. ते काय, हे तुम्ही विचारलंत तर मी येऊन समोर बसून सांगेन, या वेळी पोहे न खाता. तुमच्या मनात तसं काही नाही, हे मी कोणापुढेही शपथेवर सांगायला तयार आहे. पण ते तिला माझ्याकडून कळून उपयोग नाही.

रविवारी तिला वर घेऊन जा. ती मागे पडली तर पडू दे. पण पायांनी मागे पडू दे, परभणीनं नको.

तुमचा,
बालाजी