गाढवाला शेंदूर

आमच्या घरामागे, बोंबील वाळवायच्या जागेत, एक देव आहे. कमरेएवढा दगड. त्याला नाव नाही, चेहरा नाही. शेंदराची इतकी पुटं चढली होती की पोत्यात कोंबलेल्या माणसासारखा दिसायचा. माझ्या धाकट्या जावेला मूल होत नव्हतं. तिने या दगडाला नवस केला आणि मुलगा झाला. आता तो आमच्या होडीचा तांडेल आहे, होडी तोच हाकतो. त्यामुळे दगडाबद्दल कोणी वाकडं बोललं की जाऊ अंगावर धावून येते.

मे महिन्यात डहाणू रोड स्टेशनवरून रिक्षा करून एक मुलगी आली. शिलालेख वाचायला शिकत होती. मी चौथी शिकलेली, वाचता येतं, पण दगडही वाचायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. एका जागी शेंदराचा टवका उडाला होता, तिथे तिला जुनी अक्षरं दिसली.

"आजी, शेंदूर काढू द्याल?"

जाऊ कडाडली, "माझा पोरगा दर्यात आहे, आणि तू देवाला उघडं करतेस? त्याला काही झालं तर?"

मुलीचं तोंड उतरलं. मी म्हटलं, "मग पावसाळ्यात काढू. होडी किनाऱ्याला, पोरगा घरात खाटेवर. बुडेल कुठे, बादलीत?"

जाऊ फणकाऱ्याने आत निघून गेली.

पाऊस लागल्यावर मुलगी परत आली, आणि आता तिची पंचाईत झाली. ठसा घ्यायचा तर ओला कागद दगडावर चिकटवतात, ब्रशने ठोकून अक्षरांत बसवतात आणि जरा सुकला की वरून शाई लावतात. पावसात कागद सुकणार कसा? तांडेलाने होडीवरची ताडपत्री आणून दगडावर मांडवासारखी बांधली. मी शेंदूर काढायला कोयती उचलली, तर मुलगी किंचाळलीच. मग आम्ही दोघी कोमट तेल लावून नारळाच्या शेंडीने चोळत बसलो. जाऊ पडवीत, हातात नारळ घेऊन. काही विपरीत घडलंच तर लगेच फोडायला.

आधी चंद्र-सूर्य निघाले, मग अक्षरांच्या ओळी, आणि सगळ्यांत खाली एक गाढव. गाढवाबरोबर बाई. काय चाललं होतं ते मी लिहीत नाही, पण कोरणाऱ्याने काही झाकलं नव्हतं. तांडेल दर्याकडे बघायला लागला.

ठसा निघाला. मुलगी त्यावर बोट ठेवून अडखळत वाचू लागली. "राजाने कुणाला तरी जमीन दिली, आजी. ती जो हिसकावेल त्याला हा शाप आहे. त्याच्या आईला..."

"पुरे. चित्र बघितलं."

मला हसू आवरेना. इतकी वर्षं आम्ही शापापुढे नारळ फोडत होतो! जाऊ मात्र पांढरी पडली. "म्हणजे माझा पोरगा शापाने झाला?"

"अगो, शाप जमीन लाटणाऱ्याला आहे," मी म्हटलं. "तू कुणाची लाटलीस? आपला सगळा धंदा पाण्यावर."

तांडेल म्हणाला, "आये, राजाने दिला म्हण नाहीतर गाढवाने दिला म्हण. मला भूक लागली, जेवायला वाढ."

तिने त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला आणि मग स्वतःच फिसकन हसली. हातातला नारळ फोडून खोबरं सगळ्यांना वाटलं. मुलीला सगळ्यांत मोठी कवड दिली.

होडी परत दर्यात जाण्याच्या आदल्या दिवशी जाऊ शेंदराची वाटी घेऊन आली. चंद्र-सूर्याला लावला. अक्षरं मुलीसाठी मोकळी सोडली. गाढवावर मात्र दाट थर दिला. म्हणाली, "पोरासाठी हात जोडताना समोर असलं नको."

माझं विचाराल तर गाढव उघडंच हवं होतं. किनाऱ्यावरच्या जागांचे भाव विचारत हल्ली गाड्या येतात, त्यांनी बघितलं असतं. पण नवस तिचा, पोरगा तिचा. ती शेंदूर थापत होती, मी वाटीत तेल ओतत होते.