मन झाडलं का?

“मन झाडलं का?”

उंबऱ्याबाहेर उभी राहून, पदराचं टोक झटकत, ती एवढंच विचारायची. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस वाटायचा असला, की आदल्या शनिवारी घरोघर तिचा हा फेरा असे. ‘हो’ म्हटलं तरी ती क्षणभर डोळ्यांत बघत राही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे खोटं बोलायला जीभ रेटत नाही.

नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावची प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती मंडळी म्हणजे मोजकीच घरं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, नगरहून अधूनमधून येत. एरवीचा कारभार मंडळीनं मतं देऊन निवडलेल्या वडिलांकडे असे. त्यांत ही एकटीच बाई, पण पद ‘वडील’ हेच. तिचा नवरा होता तोवर मुद्दाम चारचौघांत हाक मारायचा, “अहो वडील, चहा टाका!” सगळे हसत. ती चहा टाकायची, पण हसायची नाही. त्या पदाची तिनं कधी थट्टा होऊ दिली नाही.

तिच्याकडे सोपवलेल्या घरांत दोन सख्खे भाऊ होते. सामाईक विहिरीच्या पाण्यावरून त्यांचं बिनसलं आणि बोलणं बंद झालं. रविवारी दोघेही चर्चमध्ये यायचे, दोन टोकांना बसायचे, देवाचे आभार मात्र एकाच सुरात मानायचे. मी तिथल्याच शाळेत शिकवायचे. मला त्या दोघांचा भारी राग येई.

एका शनिवारी मी तिच्यासोबत होते. थोरला दारातच म्हणाला, “बाई, मन साफ हाय माजं. फकस्त त्याच्याशी बोलनार न्हाई.”

“आपुन देवाला निवडलं न्हाई, त्यानं आपल्याला निवडलं,” ती म्हणाली. “मग शेजारी कोन बसनार, ते तू ठरवनार व्हय?”

तो आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भाकरीचं ताट तिनं बाकाबाकांवरून फिरवलं, त्या दोघांपुढेही धरलं. शेवटी पाळकसाहेबांनी ताट तिच्यापुढे धरलं, तेव्हा तिनं छातीवर हात ठेवून नुसती नकारार्थी मान हलवली.

बाहेर आल्यावर मी चिडले. “भांडण त्यांचं, उपास तुम्हाला कशाला?”

“मास्तरीनबाई, लेकरं एका ताटात जेवंनात, मंग आईच्या घशाखाली घास उतरंल का?”

दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर मी त्याला ढोंग म्हटलं असतं. तिला नाही म्हणू शकले. पुढे कितीतरी प्रभुभोजनं झाली. ती सगळ्यांना वाढायची आणि स्वतः तशीच राहायची. भाऊ खाली मान घालायचे, पण बोलायचे नाहीत. हट्टाला औषध नसतं म्हणतात, ते खरंच.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं. पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन घरी आले. तिनं विचारलं, “दोगं आले का?”

धाकटा पायथ्याशी उभा होता. थोरला बैल विकायला घोडेगावच्या बाजाराला गेला होता.

“मग थांबू.”

“बाई, घ्या. देव समजून घेईल.”

“त्यो घेईल वो. त्यानं तरी किती समजून घ्यायचं?”

थोरला दुपारी आला, तोवर तिची वाचा गेली होती. तो उशाशी बसला. पाळकसाहेबांनी द्राक्षरसात भिजवलेला भाकरीचा कण तिच्या ओठांत ठेवला. कोरड पडलेल्या तोंडात तो तसाच अडकून राहिला. कुणाला काही सुचेना.

थोरला मान वर न करता म्हणाला, “धाकट्या, पानी आन रं.”

धाकटा धावतच तांब्या घेऊन आला. थोरल्यानं तिचं डोकं हातावर उचलून धरलं, धाकट्यानं चमच्यानं पाणी घातलं. घोट उतरला. तिनं थोरल्याचं बोलणं ऐकलं का, ते मला सांगता येणार नाही. ऐकलं असावं, असं मला फार वाटतं. संध्याकाळी ती गेली.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मी दार उघडं ठेवून बसले. विचारायला कुणी आलं नाही. दिवस मावळेपर्यंत मी तशीच बसून होते, आणि मन काही झाडलं जाईना.