रिकाम्या खुर्चीतली बालालायका

ही गोष्ट माझ्या मुलीला ठाऊक नाही. वेराला तर नाहीच नाही. दोघींनाही मराठी वाचता येत नाही, म्हणून मराठीत लिहितोय. इतका धीट मी. तुम्हाला वाचता येतं, पण तुम्ही मला ओळखत नाही — तेवढं बरं आहे.

मी सातवीपर्यंत शिकलो. सोलापूरला गिरणीत मागावर होतो. लिहिणं माझं काम नव्हे, तेव्हा मागंपुढं होईल.

माझी बायको सुलोचना. तिला जाऊन दोन वर्षं होतील. तिची चप्पल अजून दाराशी आहे. मुलगी कॅलिफोर्नियाहून फोन करते, इंग्लिशमध्ये विचारते, बाबा, हाऊ आर यू. मी म्हणतो, फाइन. आणखी काय म्हणणार?

अमेरिकेत मी बायकोच्या कागदांवर आलो. तिचा भाऊ इथं डॉक्टर. त्यानं बहिणीला स्पॉन्सर केलं आणि बहिणीबरोबर मी आलो, सामानासारखा. न्यू जर्सीत पसेइक गावात राहिलो. ती कोट शिवायच्या कारखान्यात लागली, मी गोदामात खोकी उचलायला. तिला लवकर बोलता यायला लागलं. दुकानात ती बोलायची, मी मागं पिशवी धरून उभा. हे कारण म्हणून सांगत नाही. तसं होतं, म्हणून सांगतो.

तिच्या शेजारच्या मशीनवर वेरा बसायची. रशियन बाई, अंगानं दांडगी, लढाईच्या वेळी घर सोडून कुठं कुठं फिरत इथं पोचलेली. एक दात सोन्याचा. दोघींचं इंग्लिश सारखंच मोडकं, म्हणून जमलं असेल. वेरा तिला सुला म्हणायची. मी? मी तिला कधी नावानं हाक मारली नाही. 'ऐकलंस का', एवढंच.

वेरा बालालायका वाजवायची. त्या लोकांचं वाद्य — तीन तारा, लांब दांडी, आणि खाली त्रिकोणी पेटी. एक दिवस तसलंच एक सुलोचना घरी घेऊन आली. वेराच्या वारलेल्या बहिणीचं होतं, वेरानं तिला दिलं होतं.

मी म्हणालो, "सामोसा आणलास का एवढा मोठा?"

"खायचा नाहीये, अहो. वाजवायचाय."

"कोण वाजवणार?"

"मी," ती म्हणाली. "तुम्ही कानात कापूस घाला."

पन्नाशीला आलेली बाई. भजनात कधी टाळ धरला नव्हता. कामावरून यायची, भात टाकायची, आणि स्टुलावर बसून सुरू व्हायची. गज नाही, नखी नाही — नुसती तर्जनी तारांवर वरखाली, इतकी भरभर की बोट दिसायचं नाही. कुकरची शिट्टी झाली तरी थांबायची नाही. मी बाहेर टीव्हीचा आवाज वाढवायचो. ती आणखी जोरात वाजवायची.

वाईट वाजवायची का? नाही हो. वाईट वाजवली असती तर मी हसलो असतो आणि विषय संपला असता.

दर उन्हाळ्यात या वाद्यांच्या लोकांचं एक संमेलन भरतं. बालालायका, डोमरा, त्यांची आणखी कसली कसली वाद्यं घेऊन माणसं सगळ्या देशातून येतात. एखाद्या कॉलेजात उतरतात, काही दिवस शिकतात, शेवटी सगळी मिळून वाजवतात. ऐंशी सालच्या सुमाराला वेरानं ठरवलं, सुलाला न्यायचं. सुलोचनेनं हिरवी साडी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकली. मला विचारलं नाही. सांगितलं. "भात लावता येतो ना तुम्हाला?" एवढं विचारलं.

इथं मी पेन ठेवून बाहेर फिरून आलो. आलो तरी ते आहेच.

निघायच्या आदल्या दिवशी वेराचा फोन आला, किती वाजता गाडी आणू विचारायला. सुलोचना बाजारात गेली होती. मी भिंतीवरचा फोन घेतला आणि माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणालो — माझं तोंड म्हणालं असं लिहायला गेलो होतो, ते खोडलं — मीच म्हणालो, ती येणार नाही. तिला हे पुरे झालंय. तुम्हाला सांगायला तिला जड जातं. कामावर हा विषय काढू नका.

वेरा म्हणाली, "ओके, मिस्टर."

सुलोचना आली. पिशव्या ओट्यावर ठेवायच्या आत मी तिला सांगितलं. वेराचा फोन होता. तिथल्या लोकांना तू नको आहेस. ते म्हणतात आमची आमची माणसं असतात, परकी बाई कशाला. वेराला लाज वाटते, तिला कामावर काही विचारू नकोस.

दोन्ही दारं मी अशी लावली. एवढी अक्कल मला कुठून आली असेल? गोदामात कधी दिसली नव्हती.

ती म्हणाली, "असं म्हणाली वेरा?" मी म्हणालो, हो. तिनं साडी उचलली, घडी घातली, ठेवून दिली. बालालायका भिंतीतल्या कपाटात, क्लॉझेटमध्ये, कोटांच्या मागं गेली. त्या दिवशी भात नेहमीसारखाच झाला होता.

उद्या सांगू, असं माझ्या मनात आलं होतं. खरंच आलं होतं. उद्या कधी येतो?

वेरानं मशीन बदलून मागितलं. मग त्या दोघी एकमेकींकडे पाठ करून बसायला लागल्या. वर्षानुवर्षं. एकीनं दुसरीला विचारलं नाही. दोघी मानी. त्या विचारणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.

सुलोचना आजारी पडली. शेवटी शेवटी शुद्ध नव्हती. दवाखान्यात दुपारी मी तिच्याशेजारी बसलो होतो तर तिची तर्जनी चादरीवर हलायला लागली. वरखाली, वरखाली, भरभर. बाकी अंग मेल्यासारखं, नुसतं ते बोट जिवंत. नर्स म्हणाली, औषधानं होतं असं. मी मान डोलावली. त्या बोटाचा चादरीवर आवाज होत होता, आणि तो मला ओळखीचा होता. कुकरच्या शिट्टीतून, टीव्हीच्या आवाजातून मी तो ऐकलेला होता. ती गेली तेव्हा बोट सगळ्यांत शेवटी थांबलं.

वेरा अंत्यविधीला आली. डोक्याला काळा रुमाल, मागं उभी. नंतर काही महिन्यांनी घरी आली. म्हणाली, संमेलनात एक रीत आहे. वर्षात आपल्यातलं कुणी गेलं असेल तर त्याचं वाद्य लावून, सुरात आणून, रिकाम्या खुर्चीत ठेवतात, इतरांच्या रांगेत. सगळे पहिली चाल वाजवतात, मग ते वाद्य घरच्यांना परत देतात.

"सुला आपल्यातली होती," ती म्हणाली. "आली नाही, तरी. तुम्ही घेऊन चला."

मी कोटांच्या मागून बालालायका काढली. गेलो.

वेराची जुनी लांबलचक गाडी, मागच्या सीटवर बालालायका, तिच्यावर पट्टा लावलेला, माणसाला लावतात तसा. पेनसिल्व्हेनियात डोंगर सुरू झाले तेव्हा वेरा रस्त्याकडे बघत म्हणाली, "मिस्टर, मला एक सांगा. माझं काय चुकलं होतं? मी रोज तिची पाठ बघायची. रोज विचार करायची, मी काय बोलले असेन?"

मी म्हणालो, परत येताना सांगतो.

तेव्हा ठरवलं होतं मी. सांगून टाकायचं. मागच्या सीटवर एक तार किंचित वाजली, गाडी खड्ड्यातून गेली म्हणून. वेरानं आरशात बघितलं. मी नाही बघितलं.

कॉलेजच्या मोठ्या खोलीत शिरलो आणि दारातच थांबलो. मला वाटलं होतं सगळी वेरासारखी असतील. तर बघतो काय — एक काळा पोस्टमन गुडघ्यावर बालालायका घेऊन बसलेला. त्याच्याजवळ एक जपानी बाई. एक आयरिश मास्तर. एक पोरगी म्हणाली की तिच्या सात पिढ्यांत कुणी रशिया बघितला नाही. परकं नसलेलं माणूस शोधावं लागलं असतं. म्हणजे मी जे खोटं बोललो होतो ते नुसतं खोटं नव्हतं. जगात त्या एकाच खोलीत ते खरं होऊच शकलं नसतं, आणि मी नेमकं तिथलंच दार तिच्या तोंडावर लावलं होतं.

पोस्टमननं रांगेत जागा करून दिली. वेरानं वाद्य लावलं. खुंटी पिळायची, कान पेटीला टेकवायची, पुटपुटायची, जसं आजाऱ्याची विचारपूस करावी. मग खुर्चीत उभं टेकवून ठेवलं. मला शेजारची खुर्ची दिली. माझ्या एका बाजूला पोस्टमन, दुसऱ्या बाजूला ती, बालालायका.

वाजायला लागलं. तुम्ही कधी ऐकलंय का, खोलीभर माणसं एकच बोट हलवताना? पायाखालची फळी थरथरते. मी समोर बघत होतो. आणि मला शेजारून ऐकू आलं. बारीक. गुणगुणल्यासारखं. वळून बघितलं — कुणी हात लावला नव्हता, आणि मधली तार धूसर दिसत होती, हलणारी तार दिसते तशी.

पोस्टमननंही बघितलं. कानाशी येऊन हळूच म्हणाला, "घाबरू नका, अंकल. सगळ्यांचा सूर लागला की मोकळी तार आपली आपण बोलते. दरवेळी होतं." त्याचे डोळे भरलेले होते.

असेल. होत असेल तसं. पण मग चाल संपली. पुढं उभं राहून ताल देणाऱ्या माणसानं हात वर केला, सगळे एकदम थांबले. खोली गप्प. आणि ती थांबली नाही. ती एकटी वाजत राहिली. लोकांनी माना वळवल्या. त्या रिकाम्या खुर्चीकडे सगळी खोली बघत होती, आणि मी तिच्या शेजारी.

मला वाटलं, ही आता सांगणार.

मी हात पुढं केला आणि तारांवर पालथा ठेवला. दाबला. आवाज बंद झाला. पण पेटी आत थरथरत होती, तळहाताला लागत होती, जनावराच्या पोटावर हात ठेवल्यासारखी. मी हात काढला नाही. ती थंड पडेपर्यंत काढला नाही.

लोकांना वाटलं, म्हातारा बायकोला कुरवाळतोय. जपानी बाई रडायला लागली. वेरा आपली जागा सोडून आली आणि तिनं मला मिठी मारली. कुणाला काय दिसलं, आणि मी काय करत होतो? मी तिचं तोंड दाबत होतो.

परत येताना वेरानं काही विचारलं नाही. मीच बोललो. म्हणालो, तुमचं काही चुकलं नव्हतं. सुलाची बोटं दुखायची. शिवणकामानं गेली होती. तुम्हाला सांगायला ती लाजली.

हे मी ठरवलेलं नव्हतं. खरं बोलायला तोंड उघडलं आणि हे आलं. तिच्या धडधाकट बोटांवर मी ते ढकललं. ज्या बोटांनी शेवटपर्यंत —

वेरानं गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून म्हणाली, "आणि मी तिला गर्विष्ठ म्हणायची. दुखऱ्या हातांच्या बाईला. तिच्या पाठीमागं मी शिव्या दिल्या, मिस्टर." मी तिच्या खांद्यावर थोपटलं.

बालालायका परत क्लॉझेटमध्ये आहे. वेराला म्हणालो, तुमच्या बहिणीची आहे, न्या. ती म्हणाली, नाही, आता ती तुमची. मी मोठ्यानं बोललो की ती आतून उत्तर देते. मुलीशी फोनवर बोलताना, खोकताना, एका ठराविक आवाजाला. तिच्या अंगावर कोट टाकून बघितले, दार लावून बघितलं. एकदा तारा सैल करायला उघडलं आणि हात पुढं होईना. आता मी घरात हळू बोलतो. बहुतेक बोलतच नाही.

वेरा दर रविवारी येते. बिटाचं लाल सूप आणते, मला म्हातारपणी कोण करून घालणार म्हणून. माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून सुलाच्या गोष्टी सांगते. कशी सुई दातात धरायची, कशी सुपरवायझरची नक्कल करायची. मला यातलं काही माहीत नव्हतं. गेल्या रविवारी अशीच एक गोष्ट सांगता सांगता ती मोठ्यानं हसली, आणि क्लॉझेटमधून आवाज आला. लांबलेला. वेराची पळी हातात तशीच राहिली.

"काय ते?" तिनं विचारलं.

"फ्रिज आहे," मी म्हणालो. "जुना झालाय."

तिनं मान डोलावली आणि माझ्या वाडग्यात आणखी एक पळी वाढली. मी ते प्यायलो.