सीट धरणारी

माझ्या मुलीला सायकल मी शिकवली नाही. शेजारच्या पोरांनी शिकवली. गावभर सायकलवाले म्हणून मिरवलात आणि पोटच्या पोरीमागे चार पावलं पळवत नाही तुमच्याच्यानं, असं बायको तेव्हा चिडून म्हणायची. मी गुडघ्याचं कारण पुढे करायचो. गुडघे ठणठणीत होते. सायकल शिकवताना मागून जे बोलत राहावं लागतं, ते माझ्या तोंडून निघत नव्हतं, एवढीच अडचण होती.

मला सायकल शिकवली अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने. ती पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे निजामाचं राज्य गेलं त्या साली झालेली, त्यामुळे आमच्या मुकुंदवाडीत तिचं वय कोणाला विचारावं लागायचं नाही. माझ्या जन्मापर्यंत ती घरात पाणी भरायच्या वयाची झाली होती. तासाच्या भाड्याने सायकल आणायची, रुळांच्या कडेच्या मोकळ्या रानात न्यायची, परकराचा काठ कमरेला खोचायचा आणि सीट धरून माझ्या मागे पळायचं, हा तिचा उन्हाळा. पळता पळता तिचं एकच चालू असायचं, "धरलंय, धरलंय. तू फुडं बघ."

एके दिवशी आवाज फार लांबून येतोय असं वाटलं म्हणून मी वळून पाहिलं. बाई बाभळीखाली कमरेवर हात देऊन उभी, आणि तिथून ओरडतेय, "धरलंय, धरलंय." वळून बघितलं आणि त्याच क्षणी आपटलो. कोपर फुटलं. मी रडत तिच्या अंगावर धावून गेलो, खोटारडी म्हणालो, ठोसेही मारले. तिने माझं कोपर परकराने पुसलं आणि शांतपणे सांगितलं, "सोडलं म्हून कळलं की मानूस पडतंय. म्हून सांगायचं नसतंय."

पुढे तिचं लग्न सोयगावला झालं आणि मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागलो. घर ते कारखाना सायकलवरच. तिथल्याच एकाच्या नादाने मी शर्यतीच्या मैदानात गेलो आणि मग बारा महिने दिवाळीचीच वाट पाहायला लागलो. दिवाळीच्या सुट्टीत कारखाने बंद असायचे आणि शहरातल्या एका मैदानावर सायकलींच्या शर्यती लागायच्या. पाडव्याला सुरुवात, भाऊबीजेला संध्याकाळी शेवटची शर्यत. मुरमाचा गोल ट्रॅक, चुन्याच्या रेघा, आणि फराळ खाऊन सुस्तावलेले प्रेक्षक.

ट्रॅकची सायकल वेगळी असते. तिला ब्रेक नसतो आणि मागचं चाक फिक्स असतं. म्हणजे चाक फिरेल तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरेल तोवर तुमचे पाय. घरच्या सायकलीसारखं उतारावर पाय सोडून बसायची सोय नाही. वर पाय पट्ट्यांनी आवळून बांधलेले. त्यामुळे सुरुवातीला कोणीतरी मागून सीट धरून तुम्हाला उभं ठेवावं लागतं, शिट्टी झाली की सोडावं लागतं. ढकलायचं नाही, आणि धरणाऱ्याचा पाय चुन्याच्या रेघेपुढे जायचा नाही. गेला तर शर्यत बाद. शर्यत संपल्यावरही हा गडी लागतोच. वेग मरेपर्यंत फेऱ्या मारत राहायचं, आणि मग त्याने चार पावलं सोबत पळून तुम्हाला झेलायचं, तेव्हा कुठे पट्टे सुटणार.

मी उतरायचो पाठलागाच्या शर्यतीत. दोघंच असतात, ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंना. दोघं एकाच वेळी सुटतात आणि एकमेकांच्या मागे लागतात. समोरच्याला गाठलं की जिंकलं. मला हा प्रकार मनापासून आवडायचा, कारण माझा स्वभाव तापट. शेजारी कोणी खांद्याला खांदा घासत आलं तर मी सायकल सोडून भांडणच काढलं असतं.

पहिल्या वर्षी माझी सीट धरणारा मित्र न सांगता बिडकीनला सासुरवाडीत जाऊन बसला. अक्का दिवाळीसाठी माहेरी आलेली होती आणि चिवड्याचा डबा घेऊन शर्यत बघायला आली होती. मी तिलाच हाताला धरून रेघेवर आणलं. मैदानात हशा पिकला. बहीण सोबत आणलीस, आता दुधाची बाटलीपण आण, असं एकजण म्हणाला. मी त्याच्याकडे निघालोच होतो, पण पंचांनी अडवलं. पंच म्हणजे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक हेडमास्तर, काळी टोपी घालणारे. त्यांनी खिशातलं नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "किताब में मरद-औरत कुछ नै लिखा. पकड़नेवाला लिखा है."

अक्काने पदर खोचला. एक हात सीटला, एक माझ्या दंडाला. सायकल हलली नाही की डुलली नाही. मागून अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं, तिने सुरू केलं, "धरलंय, धरलंय." शिट्टी झाली. मी सुटलो ते मला पहिल्या वळणावर कळलं.

मग दरवर्षी तसंच. सकाळी ती मला ओवाळायची आणि संध्याकाळी माझी सीट धरायची. प्रत्येक फेरीला रेघेपाशी आलो की ती तिथे उभी दिसायची, आणि शेवटी वेग मेला की चार पावलं पळून मला झेलायची. "आलास बाबा," म्हणायची, जसं काही मी मुंबईहून आलोय. मी जिंकायचो क्वचित. शेवटच्या शर्यतीत तर नेहमी हरायचो. पण ती सोयगावात जाऊन काय सांगायची कोण जाणे, तिथल्या लोकांच्या लेखी मी अजिंक्य होतो. दोन-तीन दिवाळ्यांनंतर बाकीचे खेळाडूही, अक्का, जरा आमचंपण धरा, म्हणत मागे लागले. तिने कोणाचंच धरलं नाही. एकाला धरूनच दमते मी, असं सांगायची.

ज्या वर्षी मी सगळ्यात चांगल्या तयारीत होतो त्या वर्षी ती चुकली. भाऊबीजेची शर्यत होती. शिट्टी झाली, मी सगळं वजन पायडलवर टाकलं, आणि सायकल जागची सुटेना. सीट मागे ओढली जात होती. मी आणखी जोर केला तशी अक्का सीटसकट दोन-तीन पावलं फरपटत पुढे आली, चुन्याच्या रेघेच्या पार. मास्तरांनी लाल झेंडा वर केला. मी उतरून त्यांच्याशी असा भांडलो की दोघांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. ती धरूनच होती, तिने कुठे ढकललं, हे माझं म्हणणं. पाँव लकीर के पार गया, हे त्यांचं.

अक्का ट्रॅकच्या कडेला गवतावर बसली होती आणि हसत होती. कपाळावर घाम. सोडायचं विसरलीस का, असं मी विचारलं तर म्हणाली, तू अजून लहानच आहेस असं वाटलं मला. सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना रिक्षा करू या म्हणाली. एरवी ती रिक्षाचं नाव काढायची नाही. मला वाटलं, फजिती झाली म्हणून लोकांसमोरून चालायला लाजतेय.

पुढच्या पावसाळ्यात दाजी, म्हणजे तिचे मालक, तिला घेऊन शहरातल्या दवाखान्यात आले. पोटात गाठ होती. कधीपासून दुखतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. ती दाजींकडे न बघता म्हणाली, दिवाळीपासून. मग माझ्याकडे बघून जरासं हसली. तेव्हा मला ती शर्यत कळली. त्या संध्याकाळी ती मला धरून उभी नव्हती. कळ आली होती, आणि माझ्या सीटच्या आधाराने ती कशीबशी उभी राहिली होती. सोडलं असतं तर पडली असती.

दवाखान्याने दसऱ्याच्या सुमारास घरी न्यायला सांगितलं. घरी म्हणजे कुठे, यावर ती पहिल्यांदाच हटून बसली. सोयगाव लांब पडतं, मुकुंदवाडीलाच ठेवा, म्हणाली. दाजींनी मान्य केलं. कापसाचे दिवस असूनही ते रान भावावर सोपवून आमच्याकडे येऊन राहिले. अबोल माणूस. दिवसभर तिच्या खाटेच्या पायथ्याशी बसायचे. आई पेज भरवायची. आईने डोळ्यांना पदर लावला की अक्का वैतागायची. मला घरात थांबवत नव्हतं आणि बाहेर जाववत नव्हतं. मी अंगणात सायकल उलटी करून तिची साखळी पुसत बसायचो. पुसून पुसून ती आरशासारखी झाली होती, तरी पुसत होतो.

यंदा शर्यतीत उतरायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिने ते चालू दिलं नाही. पाडव्याला मला जवळजवळ हाकललंच. मी गेलो आणि जिंकलो, पोटातल्या रागावर. राग कोणावर होता ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरवर, दिवाळीवर, समोरच्या बिचाऱ्या पोरावर.

भाऊबीजेला सकाळी आईने पाठीमागून आधार देऊन तिला बसवलं. ताट आईनेच धरलं, अक्काने नुसता हात लावला. टिळा नाकावर आला. तो तसाच राहू दिला मी. दुपार कलली तसं तिने मला जायची आठवण केली. मी नाही म्हणालो. पुन्हा म्हणाली, पुन्हा नाही म्हणालो. मग तिने दाजींना माझी ट्रॅकची सायकल आत आणायला सांगितली. खाटेच्या अगदी कडेला लावायला लावली. पांघरुणातून हात बाहेर काढला. मनगट इतकं बारीक झालं होतं की हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. तो हात तिने सीटवर ठेवला.

"शेवटची शर्यत हाय," ती म्हणाली. "जा. तू येस्तवर मी कुठं जात नाय. हे बघ, धरलंय."

तिचा आवाज अगदी नेहमीचा होता, रेघेवरचा. त्या आवाजावर माझा लहानपणापासून विश्वास. मी सायकल पुढे घेतली तशी सीट तिच्या हाताखालून निघाली.

मैदानावर माझ्यामागे कोणी नाही हे मास्तरांनी पाहिलं. पाठीवर हात ठेवला आणि एक धरणारा दिला. तालमीतला गडी होता, हात लोखंडी. सायकल खांबाला बांधल्यासारखी स्थिर होती. पण मागे शांतता होती. शिट्टी होईपर्यंतची ती शांतता मला सोसवेना. मीच मनातल्या मनात म्हणत राहिलो, धरलंय, धरलंय.

लोक अजूनही विचारतात, त्या वर्षी काय झालं. जिंकलो. शेवटची शर्यत पहिल्यांदा जिंकलो. समोरचा अर्ध्या वळणावर सापडला. टाळ्या झाल्या, कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. आता हे अक्काला सांगायचं, आणि या खेपेला सोयगावात तिला खोटं सांगावं लागणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी वेग मरायची वाट बघत फिरत होतो. रेघेपाशी आलो तेव्हा तालमीतल्या गड्याच्या शेजारी दाजी उभे दिसले.

दाजींनी कधी मैदान पाहिलं नव्हतं. डोक्यावर नेहमीची टोपी नव्हती. माझी घरची सायकल त्यांच्या पायाशी आडवी पडली होती.

मी थांबलो नाही. पाय मागे दाबून वेग मारायचा असतो, मी पुढे दाबला. ही जिंकल्याची फेरी आहे असं समजून लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. मी फिरत होतो तोवर मला कोणी काही सांगू शकत नव्हतं. किती फेऱ्या मारल्या ते माहीत नाही. प्रत्येक फेरीला दाजी तिथेच, तिच्या जागेवर. शेवटी पायातला जीव संपला. सायकल डुलायला लागली तसे दाजी धावत आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी सीट धरली, बैलाचं शिंग धरावं तशी.

"तू गल्लीच्या भाईर पडलास आन् तिनं पानी मागितलं," ते म्हणाले. "म्या आनस्तवर..." मग म्हणाले, "सकाळपासून एकच सांगत व्हती. त्याला जाऊ द्या. त्याच्या देखत नको."

माझे पाय अजून पट्ट्यांत आवळलेले होते. मला उतरता येत नव्हतं, आणि दाजी सीट सोडत नव्हते. आम्ही दोघं तसेच, रेघेवर, मोठ्याने रडलो. म्हणजे खाटेवरून तिने सीटवर हात ठेवला आणि धरलंय म्हणाली, तेव्हा तिने सोडलेलं होतं. मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी दारातच पडलो असतो.