अंबूबाईनं झाकलेली माणसं

उंद्रीहून चिखलीकडे निघालं की नाल्यापलीकडे एक लहानसं गाव लागतं. अंबूबाई त्या गावात सून म्हणून आली, तेव्हा तिचा धाकटा दीर जानराव मिसरूडही न फुटलेला पोरगा होता. पुढे तो असा तयार झाला की चिखलीच्या बाजारात त्याच्या आरोळीवर वांगी खपायची. "या माय, काटा टोचला तर पैसे वापस!" असं तो ओरडला की शेजारचे दुकानदारही हसायचे. घरात सासू नव्हती, त्यामुळे जानरावचं पोट, जानरावचे कपडे आणि जानरावचे रुसवेफुगवे, सगळं अंबूबाईकडेच होतं.

पंचविशीत त्याला काहीतरी झालं. एका पोळ्यानंतर तो बाजारात जाईना. विहिरीतून माणसं आपल्याबद्दल बोलतात म्हणायचा. मग जेवणात विष कालवलेलं दिसू लागलं, मग सख्ख्या भावाच्या अंगावर विळा घेऊन धावला. अंबूबाईचा नवरा शेषराव तसा मऊ माणूस, पण त्या दिवसानंतर त्यानं भावाला खाटेला बांधलं. भगत झाला, उतारे झाले, लिंबं-नारळं झाली. शेवटी कुणीतरी नागपूरच्या मोठ्या दवाखान्याचं नाव घेतलं. तिथं जानराव बरेच महिने राहिला आणि परत आला तो शांत, थोडा सुजलेला, हात किंचित कापणारा. तिथल्या डॉक्टरांनी निघताना दोन गोष्टी सांगितल्या. गोळी थांबली की दुखणं उलटतं, आणि माणसाला कोपऱ्यात बसवलं तरीही उलटतं.

पहिली गोष्ट पैशाची होती, दुसरी गावाची. दोन्ही अंबूबाईच्या हातातल्या नव्हत्या.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. पंचायत समित्या नव्या होत्या, योजनाही नव्या होत्या. महिला मंडळाच्या बैठकीत ग्रामसेविकेनं एकदा सांगितलं, की मनाच्या दुखण्यातून उठलेल्या माणसांना गावातच सांभाळायचं असेल तर सरकार प्रयोग म्हणून वर्षभर अनुदान देणार आहे. बायका पदरात तोंड घालून हसल्या. "येड्यायची शाळा काढतं का सरकार?" विमलबाई म्हणाली. अंबूबाई मात्र बैठक संपल्यावर ग्रामसेविकेच्या मागे एसटीच्या थांब्यापर्यंत चालत गेली. पुढे हीच विमलबाई तिचा उजवा हात झाली, कारण तिची स्वतःची सून, सरस्वतीबाई, बाळंतपणानंतर जी मुकी झाली ती बोललीच नव्हती.

अनुदान मिळालं. चावडीमागची खोली मिळाली. आजूबाजूच्या गावांतून अशी माणसं येऊ लागली. सकाळी यायची, अंबाडीची दोरी वळायची, बाजाराची भाजी निवडायची, पेंढ्या बांधायची, दुपारी घरी जायची. गोळ्या सरकारी पैशातून यायच्या, महिन्यातून एकदा चिखलीला डॉक्टर येत तिथं जायचं एसटीभाडंही त्यातूनच. कुणी एकदम सुधारलं नाही. सरस्वतीबाई अजून मुकीच होती, पण आता मुलाला मांडीवर घेऊन बसायची. जानराव अजून विहिरीकडे पाठ करून बसायचा, पण दिवसातून दोनदा तरी कुणाची तरी थट्टा करायचा. शेषराव बायकोला म्हणाला होता, "तुह्यी ग्रँट हाय तवालोक ठीक. बंद झाली तर म्या गोया कुठून आणू? मंग नागपूर, आन् या वेळी कायमचं." यात दुष्टपणा नव्हता. त्यानं आपल्या खिशाचं खरं तेवढं सांगितलं होतं.

वर्ष संपत आलं आणि निरोप आला, की बुलढाण्याहून साहेब पाहणीला येतील आणि मग अनुदान चालू ठेवायचं की नाही ते ठरेल.

सरपंच किसनराव खूश झाले. त्यांनी चावडीला चुना मारून घेतला, शाळेतल्या पोरींचं स्वागतगीत बसवलं, आणि आदल्या दिवशी अंबूबाईला बोलावलं.

"सूनबाई, समदं झालं. आता फक्त तुह्ये लोक."

"त्यायचं काय?"

"साहेब आला आन् जानराव भिताडाशी बोलत बसलेला दिसला, तर साहेब काय म्हणन? वर्षभर पैसा खाल्ला आन् येडे हायतच!"

मग किसनराव खालच्या आवाजात, समजूत घातल्यासारखं म्हणाले, "पाहुणे पोरगी पाहाले येतात तवा आपण काय करतो वं? घरातलं झाकतोच ना? तुह्या नणदेच्या वक्ताले जानरावले वावरात नाही धाडलं का तुम्ही?"

धाडलं होतं. अंबूबाईनंच डबा बांधून दिला होता. नणदेचं लग्न जमलं, नांदतेय सुखात. पाहुण्यांपुढे घर चांगलं दिसावं यात पाप कसलं? प्रत्येक घर हेच करतं. तिला ते पटलं, किंवा पटायला हवं होतं म्हणून पटलं. एका दिवसाचा प्रश्न होता. एका दिवसापायी जानरावची सगळी वर्षं पणाला लावायची तिची छाती झाली नाही.

"वावरात राहतीन ते," ती म्हणाली. "भाकर मी पाठवतो."

"पाह्य कसं समजदार बोलली! मी कोतवालाले राखणीले देतो."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिनं सगळ्यांना घरच्या भाजीच्या वावरात सोडलं. जानरावनं विचारलं, "आज काऊन वावरात, वैनी?" ती म्हणाली, "पालक निवडाचा हाय तिथं." खोटं बोलायची सवय नसल्यानं ती त्याच्याकडे न बघता परत फिरली.

खोलीत आली तर तिथं दुसरंच नाटक. गालिच्यावर पाच-सहा धडधाकट माणसं धुतलेल्या धोतरात बसली होती, आणि त्यांच्या मध्ये किसनरावांचा चुलतभाऊ उत्तमराव.

"हे काय भाऊ?" अंबूबाईनं विचारलं.

"मी बरा झालेला हावो," उत्तमराव पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला. "किसनानं सांगतलं, दोन घंटे बस. माही बायको तिकडे हसून राह्यली."

"तुले काय झालं होतं म्हणून सांगशीन बाप्पा?" विमलबाईनं विचारलं.

"तेच तं कोणी सांगतलं नाही!"

तेवढ्यात जीप आली.

वझलवार साहेब चाळिशीतले, चष्म्याचे, कमी बोलणारे. पोरींचं गाणं त्यांनी उभं राहून ऐकलं, हार घेऊन बाजूला ठेवला आणि खोलीत येऊन खाली गालिच्यावरच बसले. किसनरावांनी आणवलेली खुर्ची तशीच राहिली. साहेबांनी उत्तमरावकडे वळून विचारलं, "तुम्हाला आधी काय त्रास होता?"

"मले? मले... वात धरे साहेब. पोटात."

"आणि मनाला?"

उत्तमरावनं किसनरावांकडे पाहिलं. "मनात बी धरे."

"झोप लागते आता?"

"हाव, लई. भाषण चालू असलं तरी लागते."

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं. साहेबही हसले. त्यांनी बाकीच्यांना दोन-दोन प्रश्न विचारले, दोरीचं भेंडोळं हातात घेऊन पाहिलं, आणि चहा संपवून म्हणाले, "किसनराव, मी बरीच कामं पाहिली. वर्षात सगळे बरे झालेले इथंच पाहिले. अभिनंदन."

किसनरावांची छाती फुगली. "साहेबांची कृपा."

"म्हणजे इथलं काम पूर्ण झालं. पैसा थोडा आहे आणि मागणारे फार. पुढच्या वर्षी हे अनुदान दुसऱ्या तालुक्याला देता येईल. तसं लिहितो."

किसनराव मान डोलावत होते ते डोलावतच राहिले. कौतुकाच्या भरात त्यांच्या कानावर पहिलं वाक्यच पडलं होतं. अंबूबाई दाराशी उभी होती. तिच्या कानावर सगळंच पडलं. झाकलं म्हणून अनुदान वाचेल असं वाटलं होतं, आणि झाकलं म्हणूनच ते हातचं चाललं होतं.

गावच्या सुनेनं भरल्या बैठकीत, सरपंचासमोर तोंड उघडायचं नसतं. तिनं पदर सावरला आणि उघडलं.

"साहेब, लिहू नका. हे लोक त्यातले नाहीत."

"सूनबाई!" किसनराव गरजले.

"हे समदे चांगले हायत. जलमापासून चांगले हायत. माहे लोक वावरात हायत. म्याच धाडले. ते बरे झाले नाहीत साहेब. थोडे-थोडे झाले."

उत्तमराव उठला आणि धोतर झटकत म्हणाला, "बरं झालं बाई बोलली. सकाऊनपासून येडा होऊन बसलो, पाठ मोडली माही."

साहेबांनी चष्मा पुसला. त्यांचा चेहरा रागाचा होता की कसला, ते कळेना. "किती लांब आहे वावर?" एवढंच त्यांनी विचारलं.

पाणी दिलेल्या सरीतून साहेबांचे बूट चिखलात रुतत होते. पुढे अंबूबाई, मागे विमलबाई, त्यामागे सारवासारव करणारे किसनराव. वावरात पालक होता, मेथी होती, माणूस एकही नव्हता. निंबाखाली कोतवाल बिडी ओढत बसला होता. त्यांना पाहून त्यानं बिडी विझवली आणि अभिमानानं पाणी ओढायच्या इंजिनाच्या खोलीकडे बोट केलं.

"समदे हायत मालक. एक बी इकडे-तिकडे नाही होऊ दिला."

खोलीला बाहेरून कडी होती, कडीत लाकडाची खुंटी ठोकलेली.

अंबूबाई धावली. खुंटी निघेना, बोटं सोलली, मग निघाली. आत अंधार, डिझेलचा वास, घामाचा वास. सरस्वतीबाई भिंतीला चिकटून बसली होती, मूल छातीशी गच्च. बाकीचे एकमेकांना धरून. जानराव इंजिनाच्या मागे, दोन्ही हात कानांवर, गुडघ्यांत डोकं. उजेड आला तशी त्यानं मान वर केली.

"वैनी," तो म्हणाला, "म्या काय केलं?"

ती त्याच्याजवळ खाली बसली. तो मागे सरकला.

"कुणी बंद केलं यांना?" साहेबांनी विचारलं.

कोतवालानं किसनरावांकडे पाहिलं. किसनरावांनी जमिनीकडे. "म्या," अंबूबाई म्हणाली. "कडी कोणी का लावो ना, लपवाले म्याच धाडले होते."

साहेब बराच वेळ तिथं राहिले. दोरी वळणारे खरे हात त्यांनी पाहिले, सरस्वतीबाईच्या मुलाशी बोलले, जानरावशी बोलायचा प्रयत्न केला. निघताना अंबूबाईला म्हणाले, "मी दोन्ही लिहीन बाई. खोलीत काय पाहिलं ते, आणि इथं काय पाहिलं ते. पुढचं माझ्या एकट्याच्या हातात नाही."

जीप गेली तसे किसनराव अंबूबाईवर बरसले. गावाची अब्रू, चुन्याचा खर्च, बाईची जात, सगळं निघालं. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष दूर बांधावर पाठमोऱ्या बसलेल्या माणसाकडे होतं.

जानराव त्या दिवसापासून कुठल्याही खोलीत शिरेना. चावडीमागं नाही, घरातही नाही. अंगणात जेवायचा, तेही विमलबाईनं ताट ठेवलं तर. अंबूबाईच्या हातची गोळी त्यानं थुंकली. जी गोळी सरकारकडून यावी म्हणून तिनं हे सारं केलं, ती घरात होती आणि त्याच्या पोटात जात नव्हती. तो पुन्हा विहिरीतल्या माणसांशी बोलू लागला. शेषरावनं नागपूरच्या गाडीची चौकशी केली.

मंजुरी आली ती ऐन या दिवसांत. आणखी एक वर्ष, आणि काम पंचायतीच्या खोलीत न चालवता मंडळानं आपल्या जागेत चालवावं अशी अट. किसनराव पारावर सांगत फिरले, की साहेबाला वावर दाखवायची कल्पना त्यांचीच. विमलबाई नाचायची बाकी राहिली. अंबूबाई मात्र सरळ वावरात गेली.

काम आता तिच्या वावरात आलं होतं; सगळी माणसं निंबाखाली दोरी वळत बसली होती. जानराव लांब बांधावर होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत, थोरली भावजय असून, त्याच्या पायाशी वाकली.

"माहं चुकलं भाऊजी. तुमची लाज वाटली मले. त्या दिवशी वाटली."

त्यानं पाय ओढून घेतले. मग इंजिनाच्या खोलीकडे मान करून म्हणाला, "ते दार काढ."

"काय?" सरीला पाणी देत असलेला शेषराव मागून ओरडला. "इंजिन हाय आत! चोर नेतीन ना बे!"

"नेऊ द्या," अंबूबाई म्हणाली. "पाना आणा."

शेषरावनं पाना आणला, बडबड करत आणला. बिजागऱ्या गंजलेल्या होत्या. जानराव उठून आला नाही, पण शेवटचा बोल्ट निघेपर्यंत त्यानं नजर हलवली नाही. दार भिंतीला टेकवून ठेवलं, तेव्हा आत सरळ उजेड पडला. इंजिन चोरीला जाऊ नये म्हणून शेषराव तेव्हापासून त्याचं हँडल रोज खांद्यावर टाकून घरी न्यायचा आणि रोज बायकोला ऐकवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी निवडणाऱ्यांच्या मागे, ओळ सोडून थोडा बाजूला, जानराव येऊन बसला. अंबूबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. हातातली पालकाची पेंढी बांधून तिनं मागे सरकवली, आणि पेंढीशेजारी गोळी आणि पाण्याचा लोटा ठेवला.

काही वेळानं लोटा वाजला. मग मागून आवाज आला.

"ढिली बांधली वैनी. बाजारात जाऊस्तोवर सुटन हे."

तिनं मागे न वळता उरलेल्या सगळ्या पेंढ्या त्याच्याकडे सरकवल्या.