दोन सूरा आणि एक पातेलं

मित्रांनो, आज द्वारका चौकाजवळच्या सभागृहात कुरआनातल्या शेजारच्या दोन सूरांवर, म्हणजे अध्यायांवर, बोललो. कुरैश ही सूरा सांगते, भुकेत तुम्हाला अल्लाहनेच खाऊ घातलं. लगेच पुढची सूरा माऊन अशा नमाजींना धिक्कारते, जे साधं भांडंही कुणाला देत नाहीत.

"सर, रडवलंत आज," सभागृह समितीचे अध्यक्ष म्हणाले.

तेवढ्यात समोर भाड्याने राहणाऱ्या शमीमआपा आल्या. वारलेल्या नवऱ्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला सभागृहातलं मोठं पातेलं मागत होत्या.

"आपा, भाडेकरूंना नाही देत आपण. उद्या सगळेच येतील," अध्यक्षांनी सांगितलं.

आपांनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या शुक्रवारीही मलाच बोलावलंय, म्हणून मी गप्प राहिलो. त्या रिकाम्या हातांनी गेल्या.

वीस वर्षं बोलतोय. आज त्या नमाजींत मीही होतो. आता कोणत्या तोंडाने बोलू, तुम्हीच सांगा.