ती मेटॅडोर आमचीच होती

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. सुमनपाशी, म्हणजे माझ्या बायकोपाशीही नाही — आणि तिच्यापासून मी बाकी फारसं काही लपवून ठेवलेलं नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

माझे थोरले भाऊ मखमलाबादला शेती करतात. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. हा माल मार्केटला न्यायला त्यांच्याकडे एक मेटॅडोर होती. मी शिकलो, ऑफिसात चिकटलो, इंदिरानगरात फ्लॅट घेतला. नव्वदीतली गोष्ट ही. आमची वैशू सहा वर्षांची होती, बंटी अडीच. मे महिन्यात फुलांचा माल कमी, गाडी बरेचदा उभीच. दादा म्हणायचे, "घेऊन जा ना. लय दिस झाले, पोरांना कुठं नेलं नाय. गाडी आपलीच हाय." मग आम्ही ती धुऊन काढायचो, मागे गाद्या टाकायचो, सुमनच्या जुन्या साडीचे पडदे लावायचो. स्टोव्ह, पाण्याचा कॅन, बादली, झालं. कितीही धुतली तरी आत कोथिंबिरीचा वास यायचाच.

सुमनचा त्या गाडीवर जीव होता. तिचं म्हणणं साधं — लहान मुलं घेऊन हॉटेलात राहायचं म्हणजे शिक्षा. दूध गरम करून हवं तर वेटरच्या मिनतवाऱ्या करा. बंटीने गादी ओली केली की मॅनेजरचं तोंड बघा. गाडीत कसं, भूक लागली की भात टाकायचा, झोप आली की आडवं व्हायचं. तिचं खरंच होतं. मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण लाज वाटायची. ऑफिसातले लोक सुट्टीहून आले की गीझरच्या आणि रूम सर्व्हिसच्या गोष्टी सांगायचे. मीही सांगायचो. सगळ्या थापा.

त्या वर्षी सापुताऱ्याला गेलो होतो. एका हॉटेलसमोर, रस्त्यापलीकडे झाडाखाली गाडी लावली होती. सकाळी मी इस्त्रीचा शर्ट चढवून त्या हॉटेलच्या व्हरांड्यात जायचो आणि बाकावर पेपर वाचत बसायचो. वॉचमनला वाटायचं, मी तिथेच उतरलोय. मी तरी कशाला सांगू? सुमन चिडवायची, "निघाले साहेब!" आणि चहा झाला की वैशूच्या हाती पेला द्यायची — जा, साहेबांना देऊन ये.

हे चिडवणं लक्षात ठेवा. पुढे कित्येक वर्षं मी त्यालाच धरून बसलो.

एका सकाळी त्या हॉटेलातून आमच्या ऑफिसचे मोठे साहेब बाहेर आले. मला बघून खूश झाले. तुम्हीही इथेच? मी हो म्हणालो. ते शेजारी बसले. समोर सुमन स्टोव्हपुढे उकिडवी बसली होती आणि बंटी बादलीत उघडाबंब बसून पाणी उडवत होता. साहेब बघत राहिले. मला वाटलं, आता नाक मुरडणार. तर म्हणाले, "मजा आहे बुवा त्यांची. आमची पोरं त्या खोलीत नुसती कावलीत."

आता बघा — याहून सोपं काय असतं? म्हणायचं, साहेब, ती आमचीच गाडी, चला चहाला. आलेही असते ते. आणि मी काय म्हणालो?

"कुणा ड्रायव्हरची माणसं असतील. त्यांना काय, कुठेही पडून राहतात."

मागे वैशू उभी होती. फ्रॉकच्या घोळात गरम पेला धरून. केव्हापासून होती? मला माहीत नाही. ती पुढे आली, पेला बाकावर ठेवला आणि म्हणाली, "साहेब, चहा."

साहेबांना वाटलं, मी चहा त्या लोकांकडूनच मागवतो. हसले आणि खिशातून एक गोळी काढून तिच्यापुढे धरली. आता, वैशूला आम्ही शिकवलं होतं — कुणी काही दिलं तर आधी बाबांकडे बघायचं, बाबांनी मान हलवली तरच घ्यायचं. सख्ख्या आत्याने दिलं तरी ती बघायची. त्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलं नाही. गोळी घेतली, रस्ता ओलांडला आणि बंटीला देऊन टाकली.

मी स्वतःला सांगत आलो की आई चिडवते तसंच ती म्हणाली असेल, तिने ऐकलंच नसेल. मग बघितलं का नाही? बघितलं असतं तर साहेबांना कळलं असतं, म्हणून. सहा वर्षांच्या पोरीने मला सांभाळून घेतलं — आणि मी घेऊ दिलं. तो चहाही प्यायलो.

पुढच्या वर्षापासून आम्ही हॉटेलात उतरू लागलो. सुमन कुरकुरली. गाडीत मुलांची आबाळ होते, असं मी तिला सांगितलं. मुलं खोलीत टीव्हीपुढे बसून राहायची. दादांनी मेटॅडोर विकायला काढली तेव्हा विचारलं होतं, एकदा पोरांना फिरवून आणतो का? मी वेळ नाही म्हणालो.

वैशू आता कॉलेजात जाते. जुन्या सहलींचा विषय निघाला की कोथिंबिरीचा वास, साडीचे पडदे, सगळं हसून सांगते. सापुताऱ्याचं नाव काढत नाही. घरात संध्याकाळचा चहा तीच करते. "आई, चहा," म्हणते. "बंट्या, चहा," म्हणते. मला काहीच म्हणत नाही. कप ठेवते आणि जाते.